तारखेला कोण जातं?

वेगळं होऊ पाहणाऱ्या नवरा-बायकोमधली तडजोड व्हिडिओ कॉलवर होऊ शकते का? ९ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी या प्रश्नाचं उत्तर दिलं. दोघं म्हणाले नाही, एक म्हणाले हो. बहुमत नकाराचं, म्हणून कायदाही तोच झाला. पुढे अडीच वर्षांत लॉकडाऊन आला, देशभरातली कोर्टं स्क्रीनवर गेली आणि 'नाही'चं 'हो' व्हायला सुरुवात झाली.

गेली काही वर्षं मी अशा जोडप्यांच्या ऑनलाइन बैठका घेते. आत काय बोललं जातं ते सांगता येत नाही, मध्यस्थाचं तोंड बंदच असावं लागतं. पण ही पद्धत इथवर कशी आली ते सांगता येईल. आणि तो इतिहास बराचसा प्रवासाचा आहे. समेटासाठी कोणी कोणाच्या दारात जायचं, याचा.

जुन्या मराठीत वेगळं होण्याचे शब्द भरपूर आहेत. काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत. अनेक जातींमध्ये पंचांसमोर काडी मोडली की संबंध तुटला. फारकत हा मूळचा फारशी वळणाचा, कागदपत्रांतला शब्द: देणं फिटलं, आता हक्क उरला नाही, असं लिहून देणं. उलट आपण आज सभ्य म्हणून वापरतो तो 'घटस्फोट' धर्मशास्त्रात पतिताला जातीबाहेर काढताना घडा फोडण्याचा विधी होता. म्हणजे शब्द निवडताना आपण जरा घाईच केली. पंचांची मध्यस्थी जवळची आणि स्वस्त होती खरी, पण पंच पुरुष, बहुधा थोरल्या घरांतले, आणि त्यांच्यापुढचा प्रश्न ठरलेला: मुलगी नांदायला कधी पाठवताय?

इंग्रजी कोर्टाने हाच प्रश्न दाव्याच्या भाषेत विचारला. दादाजी भिकाजींनी १८८४ मध्ये रखमाबाईंवर मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला तो पत्नीने नांदायला यावं म्हणून. लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला, अपिलात तो पुन्हा उभा राहिला आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. शाळेत आपण इथपर्यंत ऐकतो. शेवट मात्र कोर्टाबाहेर झाला: १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हट्ट सोडला. त्या काळात हिंदू पत्नीला घटस्फोट मिळण्याची सोयच नव्हती, त्यामुळे लग्न कायम राहिलं आणि रखमाबाई डॉक्टर होऊन सुरतेला आणि राजकोटला काम करत राहिल्या. मला हा निकालापेक्षा तडजोडीचा इतिहास वाटतो. दोघांनी एकत्र राहायचं नाही, एवढंच त्यात ठरलं. पंच आणि न्यायाधीश या दोघांनाही ते सुचलं नव्हतं.

स्वतंत्र भारतात १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट आणला आणि न्यायाधीशावर समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारीही टाकली. १९७६ मध्ये परस्पर संमतीचा मार्ग उघडला. १९८४ चा कौटुंबिक न्यायालय कायदा आणखी पुढे गेला: समुपदेशक असावेत, वकिलाचा हक्क गृहीत धरू नये, एका पक्षाने जरी मागणी केली तरी कामकाज बंद दाराआड व्हावं. १९८९ मध्ये मुंबईत कौटुंबिक न्यायालय सुरू झालं. हेतू चांगलाच होता. पण बंद दाराआड जायला आधी दारापर्यंत पोचावं लागतं.

माझे आईवडील वेगळे झाले तेव्हा मी सात वर्षांची होते. आई मला घेऊन सांगलीला माहेरी आली. दोघं शेवटचे एकत्र राहिले ते शहर वडिलांचं, म्हणून दावा तिथे. तारखेच्या आदल्या रात्री आई एसटीत बसायची, सकाळी स्टँडवरच्या नळावर तोंड धुऊन कोर्टात जायची. मध्यस्थीच्या खोलीत वडील घरून आंघोळ करून, चहा घेऊन आलेले असायचे. आई रात्रभर जागी. त्या खोलीत दोघं समोरासमोर, समान पातळीवर बसतात असं कायदा मानत होता. पुढे २००३ मध्ये कायदा बदलला आणि पत्नीला ती राहते तिथेच अर्ज करायची मुभा मिळाली. पण तो नियम ती अर्ज करते तेव्हाचा. नवऱ्याने आधी दुसरीकडे दावा लावला, तर पुन्हा रात्रीची गाडी.

म्हणून बायका सर्वोच्च न्यायालयात जायच्या आणि खटला आपल्या गावी हलवा म्हणायच्या. कृष्णवेणी नगम यांचा अर्ज असाच: पत्नी हैदराबादला, खटला जबलपूरला. मार्च २०१७ मध्ये दोन न्यायमूर्तींनी असे ढीगभर अर्ज येतात याची नोंद घेतली आणि पर्याय सुचवले. व्हिडिओ कॉन्फरन्सिंग वापरा, विधी सेवेची मदत द्या, प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च आधी भरायला लावा. साधी, व्यवहारी सूचना.

सात महिन्यांत ती मोडीत निघाली. शांतिनी विरुद्ध विजय व्यंकटेश या प्रकरणात सरन्यायाधीश दीपक मिश्रा आणि न्यायमूर्ती अजय खानविलकर यांचं म्हणणं असं, की समेट ही भावनेची गोष्ट आहे, दोघांना एका खोलीत आणल्याशिवाय ती जमत नाही आणि स्क्रीनवर गुप्तताही धोक्यात येते. तडजोडीचे प्रयत्न फसल्यानंतर दोघांनी मिळून मागितलं, तरच व्हिडिओ. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी वेगळं मत लिहिलं. १९८४ च्या कायद्याने हे तंत्रज्ञान पाहिलंच नव्हतं, म्हणून त्याने ते नाकारलं असं म्हणता येत नाही, आणि प्रत्यक्ष हजेरीचा हट्ट कित्येकांना न्यायच नाकारेल.

मी चंद्रचूडांच्या बाजूची आहे, हे वरच्या एसटीवरून कळलंच असेल. तरी बहुमत जुनाट होतं असं म्हणून मोकळं होता येत नाही. त्यांना गुप्ततेची भीती वाटली ती खरी आहे, माझ्या कामाचा निम्मा वेळ तिथेच जातो. चूक मला दुसरीकडे दिसते. मध्यस्थी म्हणजे संसार पुन्हा जोडणं, असं गृहीत धरलं की एक खोली लागतेच. पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं वेगळं व्हायचं ठरलेलं असतं. प्रश्न पैशांचा, घराचा आणि मुलाचा असतो. गंमत म्हणजे त्याच्या महिनाभर आधी, सप्टेंबर २०१७ मध्ये, अमरदीप सिंग प्रकरणात याच न्यायालयाने संमतीच्या घटस्फोटातली सहा महिन्यांची थांबण्याची अट योग्य प्रकरणांत शिथिल करता येईल असं ठरवलं होतं. एका दारातून लवकर बाहेर पडायची परवानगी, दुसऱ्या दाराशी हजेरीची सक्ती.

मग २०२०. साथीत समोरासमोर भेटणंच बंद झालं. अंजली ब्रह्मावर चौहान यांची मागणी होती की खटला गौतम बुद्ध नगरहून दिल्लीत हलवावा; जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याऐवजी कामकाज व्हिडिओवर चालवायला सांगितलं. एरवी आम्ही असं सांगितलं नसतं, हेही नोंदवलं. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात तर ऑनलाइन मध्यस्थीला स्वतंत्र कलम मिळालं: दोघांची लेखी संमती हवी, आणि बैठक प्रत्यक्ष असो वा ऑनलाइन, रेकॉर्डिंगला बंदी. मात्र त्या ऑक्टोबरमध्ये कायद्याची निवडक कलमंच लागू झाली, त्यांत हे नव्हतं. आपल्याकडे कायदा असाच हप्त्याहप्त्याने येतो.

प्रत्यक्षात काय घडतं? आधी मी दोघांशी वेगवेगळं बोलते. या पहिल्या कॉलवर मारहाण, धमकी, पाळत यांबद्दल विचारायचंच. तसं काही असेल तर एकत्र बैठक घेत नाही, कधी मध्यस्थीच घेत नाही. भीती असलेल्या घरात तडजोड म्हणजे एकाची शरणागतीच असते. मग ठरतं: खोलीत दुसरं कोणी नाही, इयरफोन लावायचे, मूल घराबाहेर. कॅमेरा खोलीभर फिरवून दाखवा म्हटलं की लोक लाजतात. दाराआड सासू आहे की भाऊ, हे तरीही शंभर टक्के कळत नाही. एकाकडे लॅपटॉप आणि बंद खोली, दुसरीकडे कुकरच्या शिट्ट्यांमधून धरलेला फोन, हे नेहमीचं. अशा वेळी मी दोघांनाही फोनवर यायला सांगते. आवाज चढले की एकाला प्रतीक्षेत ठेवून दुसऱ्याशी बोलता येतं. कोर्टाच्या खोलीत तेच करताना एकाला बाहेर बाकावर बसवावं लागायचं, आणि बाकावर नातेवाईक टपलेले. मसुदा शेवटी स्क्रीनवर सगळ्यांसमोर वाचतो, सह्या होतात, पुढचं काम कोर्टाचं. घटस्फोट मी देत नाही, देऊही शकत नाही.

मुलाच्या आराखड्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. कायदा आयोगाने मे २०१५ च्या २५७व्या अहवालात संयुक्त पालकत्वाचा सविस्तर विचार केला होता, पण गणपती कोणाकडे आणि दिवाळी कोणाकडे हे शेवटी घरानेच ठरवायचं. शाळेची फी, आजारपणात कोणाला आधी कळवायचं, आजीचा फोन. मूल वाढतं तसं हे बदलता येतं, बदलावंच लागतं, ताब्याचे आदेश कधी कायमचे नसतात.

साथ येण्याच्या जेमतेम दोन महिने आधी, जानेवारी २०२० मध्ये, यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संपर्काच्या हक्काबद्दल लिहिलं: ज्याच्याकडे मूल नाही त्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटं तरी मुलाशी बोलता यावं, व्हिडिओ कॉल त्यासाठीच आहे. ते कुटुंब अमेरिकेतून आलेलं होतं. आमच्याकडेही एक पालक पुण्यात आणि एक न्यू जर्सीत, अशी जोडपी येतात. त्यांच्या मसुद्यात 'रोज संध्याकाळी साडेसात' एवढं लिहून भागत नाही. तिकडची घड्याळं मार्चमध्ये तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरमध्ये मागे येतात. तेव्हा कोणाची वेळ सरकेल, मुलाची की बाबाची, यावर मागे एक अख्खी बैठक गेली. शेवटी मुलाची वेळ तशीच ठेवून बाबाने आपली बदलायची, असं दोघांनी लिहून दिलं.