बार्शीची प्रार्थना ठोंबरे: दुहेरीतल्या 'दुसऱ्या' खेळाडूचा इतिहास



व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून बाहेर एका गृहस्थांनी मला विचारलं, "सर, माजलगावात टेनिस कशाला?" प्रश्न रास्त आहे. इथं कापसाचा भाव, धरणातलं पाणी, कारखान्याचा पट्टा कधी पडणार, हे विषय सोडून मी टेनिसवर बोलायला उभा राहिलोय, आणि तेही एकेरीवर नाही, दुहेरीवर. पण दुहेरी समजायला महाराष्ट्रात तुमच्याइतका तयार श्रोता मला कुठं मिळणार नाही. का, ते सांगतो.

दसरा-दिवाळीनंतर इथून ऊसतोडीला गाड्या निघतात. मुकादम मोजणी कशी करतो? माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. उचल जोडीला मिळते, काम जोडीचं धरलं जातं. आता त्या एका कोयत्यात कुणी किती तोडलं, मोळ्या कुणी बांधल्या, डोक्यावर कुणी वाहिल्या, याची नोंद कुठंच नसते. नोंद एकच, आणि बहुतेक वेळा एकाच नावावर.

टेनिसच्या दुहेरीत असंच आहे असं मी म्हणणार नाही. तिकडं दोघींची नावं लागतात, बक्षीस दोघींत वाटलं जातं. पोटासाठी राबणं आणि व्यावसायिक खेळ यांची बरोबरी करणं हा तर आचरटपणा होईल. पण नोंदीचा प्रश्न मात्र सारखा आहे. जोडीने केलेल्या कामाचा इतिहास लिहायचा कसा? दोघींतली एक फार मोठी असेल, तर दुसरीचं काय होतं?

ती दुसरी म्हणजे प्रार्थना ठोंबरे. जन्म १९९४. गाव बार्शी, जिल्हा सोलापूर. म्हणजे आपल्या शेजारचीच की. तरी इतक्या मोठ्या सभागृहात मी मघाशी हात वर करायला सांगितले तर चार हात वर आले. (हशा) ऑलिंपिक खेळून आलेली मुलगी आहे ती. अविनाश साबळे म्हटल्यावर सगळं सभागृह हात वर करेल, आणि करायलाच पाहिजे, आष्टी तालुक्यातलं मांडवा आपलंच आहे. पण स्टीपलचेसमध्ये माणूस एकटा पळतो. त्याचं नाव दुसऱ्या कुणाच्या नावाला जोडून घ्यावं लागत नाही.

बार्शीबद्दल एक गोष्ट मध्येच सांगतो, विषयाला धरूनच आहे. १९४८ पर्यंत आपला बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि बार्शी निजामाच्या हद्दीबाहेर. मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते हद्द ओलांडून बार्शीच्या बाजूला जायचे, कॅम्प तिकडं होते. हैदराबादपासून लांब जायचं तर बार्शी गाठायची, असा तो काळ. साठ-पासष्ट वर्षांनी त्याच बार्शीची एक मुलगी रॅकेट घेऊन उलट्या दिशेने हैदराबादला गेली, सानिया मिर्झाच्या अकादमीत सरावाला. इतिहासाला असे उलटे फेरे घालायची खोडच आहे.

तर सानिया. एकेरीत ती जागतिक क्रमवारीत २७व्या स्थानापर्यंत पोचली होती. मनगटाच्या दुखापतीनंतर २०१३ साली तिने एकेरी सोडली आणि फक्त दुहेरी धरली. १३ एप्रिल २०१५ रोजी ती दुहेरीत जगात पहिली आली. मार्टिना हिंगिसबरोबर २०१५ चं विम्बल्डन, अमेरिकन ओपन, २०१६ चं ऑस्ट्रेलियन ओपन, आणि सलग ४१ सामने विजय. आता बघा, हिंगिस शेजारी उभी असते तेव्हा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो देशाकडून खेळताना. ऑलिंपिकमध्ये जोडीदार आपल्याच देशाची लागते. सानिया चार ऑलिंपिक खेळली. महिला दुहेरीत चारही वेळा जोडीदार वेगळी: बीजिंगला सुनीता राव, लंडनला रश्मी चक्रवर्ती, रिओला प्रार्थना ठोंबरे, टोकियोला अंकिता रैना. ही चार नावं एका ओळीत तुम्ही कधी ऐकली होती का? यातली सुनीता राव तर अमेरिकेत जन्मलेली, तिथंच वाढलेली.

प्रार्थनाची पहिली मोठी वेळ आली २०१४ साली, इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत. वय २०. उपांत्य फेरीत समोर तैवानची शिए सू-वेई आणि चान चिन-वेई. सामना निर्णायक टायब्रेकपर्यंत गेला आणि तिथं हरले. ब्राँझ मिळालं. बार्शीच्या मुलीच्या गळ्यात आशियाई पदक. दुसऱ्या दिवशी मथळ्यात कोण असणार, हे सांगायला नको. त्याच स्पर्धेत सानियाने साकेत मायनेनीबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेतलं, त्यामुळे ब्राँझची बातमी आणखी आखडली.

मग रिओ, २०१६. इथं नियम समजून घेतला पाहिजे, नाहीतर निवडीवरून झालेली कुजबुज कळत नाही. दुहेरीच्या क्रमवारीत पहिल्या दहांत असलेल्या खेळाडूला ऑलिंपिकमध्ये थेट प्रवेश होता, आणि पहिल्या तीनशेत असलेली आपल्या देशाची जोडीदार तिला बरोबर घेता येत होती. सानिया पहिली. प्रार्थना दोनशेच्या आसपास. म्हणजे कागदावर प्रार्थना 'सानियामुळे' रिओला गेली. कागद खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो. तीनशेच्या आत यायला तिला काय करावं लागलं?

त्या काळी सगळ्यात खालच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा दहा हजार डॉलरच्या असायच्या. दहा हजार ऐकून चकित होऊ नका. तो एका खेळाडूचा आकडा नाही, सगळ्या खेळाडूंत मिळून वाटायची ती रक्कम. त्यातला मोठा भाग एकेरीला. दुहेरीला उरतं ते थोडं, आणि त्याचेही दोन भाग. विमान, हॉटेल, रॅकेटच्या तारा, हे सगळं त्यातून. शिवाय दुहेरीत प्रवेश मिळतो तो दोघींच्या क्रमांकांची बेरीज करून. बेरीज जितकी कमी तितकी संधी जास्त. म्हणजे चांगली जोडीदार हवी असेल तर आधी आपला क्रमांक सुधारा, आणि क्रमांक सुधारायचा तर चांगली जोडीदार हवी. या आठवड्यात एकीबरोबर, पुढच्या आठवड्यात दुसरीबरोबर, कधी भाषाही एक नाही. विम्बल्डनचं हिरवं गवत टीव्हीवर दिसतं ते या धंद्याचं वरचं टोक. खालचा डोंगर दिसत नाही.

रिओत पहिल्या फेरीत समोर चीनच्या पेंग शुआई आणि झांग शुआई. पेंग ही दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर राहून आलेली. आणि इथं मला नोंदी चाळताना एक गंमत सापडली. २०१३ चं विम्बल्डन दुहेरी जिंकणारी जोडी कोणती? शिए सू-वेई आणि पेंग शुआई. एक इंचिऑनला आडवी आली, दुसरी रिओला! प्रार्थनाच्या आयुष्यातले दोन सगळ्यात मोठे सामने, आणि एकाच विम्बल्डनविजेत्या जोडीच्या दोन अर्ध्या तिच्या समोर.

दुहेरीचा एक निर्दय कायदा आहे. समोरच्या जोडीत जी कच्ची वाटते तिच्यावर सगळे चेंडू मारायचे. वाईट वाटून घ्यायचं नाही, धंदाच तो. सानिया कोर्टवर असताना चेंडू कुणाकडे मारायचा याचा विचार करायला चिनी जोडीला फार वेळ लागला नसणार. निकाल असा लागला: ६-७, ७-५, ५-७. वेळ २ तास ४४ मिनिटं. पहिला सेट टायब्रेकमध्ये ६-८ असा गेला. गेमची बेरीज करा. चीन १९, भारत १८. दोनशेव्या नंबरची खेळाडू पावणेतीन तास अशा माऱ्याखाली नुसती पाहुणी म्हणून उभी असती, तर हा आकडा १८ होतो का? सामना ६-२, ६-२ संपला असता. मी प्रशिक्षक नाही, इतिहासाचा मास्तर आहे. पण पुरावा वाचणं हा माझा धंदा, आणि हा गुणफलक माझ्या दृष्टीने पुरावा आहे.

आमच्या लिखाणात मात्र हा सामना 'सानिया पहिल्याच फेरीत पराभूत' असा उरला.

ही 'दुसरी'ची गोष्ट आपलीच आहे असं समजू नका. अमेरिकेतली रोझी कॅसल्स घ्या. सॅन फ्रान्सिस्कोत वाढली, आईवडील एल साल्वाडोरहून आलेले, सांभाळ केला चुलत आजोबांनी आणि आजीने. गोल्डन गेट पार्कच्या सार्वजनिक कोर्टवर आजोबांनीच तिला खेळ शिकवला. क्लबबिब काही नाही. उंची पाच फूट दोन इंच. बिली जीन किंगबरोबर तिने पाच वेळा विम्बल्डन आणि दोनदा अमेरिकन स्पर्धा दुहेरीत जिंकली. १९७० साली लॉस एंजलिसच्या एका स्पर्धेत पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर आणि महिला विजेतीला १,५०० डॉलर ठेवले होते. त्यावरून नऊ जणींनी बंड केलं, एकेका डॉलरचा करार केला आणि ह्यूस्टनला आपली स्वतंत्र स्पर्धा भरवली. आजचा महिलांचा व्यावसायिक दौरा तिथून निघाला. बंडाचं श्रेय जगाने बिली जीनला दिलं, आणि तिचं काम तेवढं मोठं आहेच, वाद नाही. पण ह्यूस्टनची ती पहिली स्पर्धा जिंकली कुणी? रोझी कॅसल्सने. एकेरीत!

अमेरिकेकडून शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे, कॉलेजची. तिथल्या विद्यापीठांच्या सांघिक लढतीत एकूण सात गुण असतात. सहा एकेरीचे आणि एक दुहेरीचा. दुहेरीचे तीन सामने, त्यातले दोन जिंकले की तो गुण तुमचा. म्हणजे दुहेरी ही तिथं उरल्या वेळेत खेळायची गोष्ट नाही, संघाचा हिशेब तिच्यावर अवलंबून असतो. आपली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठात याच पद्धतीत खेळली. ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात पहिला सेट २-६ गेलेला. दुसरा ६-३ घेतला आणि टायब्रेक १०-४. सुवर्ण. ४३ वर्षांच्या बोपण्णाचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. ऋतुजाचं? ते तुम्हीच आठवून बघा.

मागं गेलो तर मराठी घरातल्या बायका आणि टेनिस हे नातं पुष्कळ जुनं निघतं. पंडिता क्षमाबाई राव हे नाव संस्कृतच्या लोकांना माहीत असतं. वेदांचे अभ्यासक शंकर पांडुरंग पंडित यांची ही मुलगी. गांधींच्या सत्याग्रहावर तिने संस्कृत काव्य लिहिलं. टेनिसही खेळायची. तिची मुलगी लीला राव १९३४ साली विम्बल्डनला एकेरीचा सामना जिंकली. असा सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. पण ते मुंबईतलं डॉक्टरांचं, जिमखान्याचं जग होतं. बार्शी ते रिओ हे अंतर मुंबई ते विम्बल्डनपेक्षा जास्त आहे, नकाशावर काहीही दिसो. म्हणून लीला रावांपेक्षा प्रार्थना मला इतिहासाचा अधिक अवघड विषय वाटतो. तिच्यामागं पंडितांचं घराणं नाही, जिमखाना नाही.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे. वाचतो: "सानिया निवृत्त झाल्यावर प्रार्थना संपली का?" छान प्रश्न. सानिया २०२३ मध्ये थांबली. एप्रिल २०२५ मध्ये पुण्याला, म्हाळुंगे-बालेवाडीच्या संकुलात बिली जीन किंग कपच्या आशिया-ओशिनिया गटाचे सामने झाले. बघा, चषकालाही नाव बिली जीनचंच. या स्पर्धेत दोन देशांची लढत तीन सामन्यांची असते: दोन एकेरी, एक दुहेरी. एकेरीत १-१ झालं की सगळा देश दुहेरीवर येऊन ठेपतो. शेवटच्या दिवशी कोरियाविरुद्ध तेच झालं. निर्णायक दुहेरीला भारताकडून उतरल्या अंकिता रैना आणि प्रार्थना ठोंबरे. सानियाच्या ऑलिंपिकमधल्या दोन 'दुसऱ्या', आता एकमेकींच्या जोडीदार. इंचिऑनला वीस वर्षांची असलेली मुलगी आता तिशी ओलांडलेली. सरळ दोन सेटमध्ये जिंकल्या, लढत २-१ झाली, आणि भारत गटात दुसरा येऊन प्ले-ऑफला गेला.

आणखी कुणाला विचारायचं असेल तर विचारा. मागच्या बाजूला माइक पाठवा कुणीतरी, तिथं शाळेच्या मुली बसल्यात, त्यांच्यातल्या एकीचा हात मघापासून वर आहे.