सिहोरचा गहू आणि आमची ज्वारी

एप्रिल लागला की आमच्या भोपाळच्या घरात अजून वर्षाच्या गव्हाची बोलणी सुरू होतात. पुण्याच्या वहिनी दुकानातून 'एमपी सिहोर' आणतात आणि कौतुकाने सांगतात. अहो, तो तर आमच्या दाराशी पिकतो! सिहोर इथून जेमतेम चाळीस किलोमीटर. १९५६ साली भोपाळ राजधानी झालं, तरी १९७२ पर्यंत ते सिहोर जिल्ह्यातच होतं, हे आता आमच्या मुलांनाही खरं वाटत नाही.

वडील एकाच शेतकऱ्याकडून शरबती घ्यायचे. भाव आमच्या ओट्यावर, चहा पिताना ठरायचा. दलाल नाही, पावती नाही. आई आणि आत्या गव्हाला एरंडेल लावून कोठ्या भरायच्या. सोबत एक पोतं ज्वारीचंही असायचं, भाकरीसाठी.

ती ज्वारी कुठे गेली, याचा थोडा हिशेब माझ्याकडे आहे.

१९८० नंतर माझी बदली त्याच जिल्ह्यातल्या एका शाखेत झाली, शेतीकर्जावर. मी बी.कॉम., मला पिकातलं काय कळणार! पण सगळीकडे सोयाबीनची हवा होती. इथल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचतं, म्हणून पुष्कळ शेतं खरिपात पडीक ठेवायचे आणि ओलीवर रब्बीचा गहू घ्यायचे. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठाबरोबर साठच्या दशकात सोयाबीनवर काम सुरू केलं होतं. शंभरेक दिवसांत पीक निघतं आणि गव्हाला शेत मोकळं. पडीक जमिनीतून रोख पैसा! मी स्वतः पक्की घरं उभी राहताना पाहिली, तेव्हा सोयाबीनला नुसती नावं ठेवणं मला पटत नाही.

पण पडीक शेतं संपल्यावर ते ज्वारीच्या शेतात शिरलं. आमच्या कर्जाच्या तक्त्यात एकरी रक्कम सोयाबीनला जास्त, ज्वारीला कमी. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी विचारलं, "दादा, घरापुरती तरी ज्वारी?" तो हसला. "साब, ज्वार तो हम खा लेंगे, किस्त कौन भरेगा?" मी निमूट सोयाबीन लिहून सही केली. अशा किती सह्या केल्या, मोजल्या नाहीत.

ज्वारी गेली तशी कडबाही गेला, आणि बैल-गाईंचा चारा विकत आणायची वेळ आली. सोयाबीनचं तेल शहरात, पेंड परदेशात जनावरांना. पिकवणाऱ्याच्या ताटात काहीच नाही.

भावाचं म्हणाल, तर १९७२च्या मंडी कायद्यात उघड लिलाव होता, पण पाऊस डोक्यावर असताना ट्रॉली परत कोण नेणार? २००० मध्ये ई-चौपाल आलं, गावातच संगणकावर भाव दिसू लागला. तरी २०१७च्या जूनमध्ये मंदसौरला गोळीबार झाला, सहा शेतकरी गेले, आणि त्याच वर्षी सरकारने भावांतर योजना काढली. आमच्या ओट्यावर जो भाव एका चहात जुळायचा, त्यासाठी एवढं सगळं!

२०२३ मध्ये शरबतीला जीआय मानांकन मिळालं, आनंदच आहे. त्याच वर्षी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून ज्वारीचेही सत्कार झाले. वडिलांच्या त्या शेतकऱ्याचा नातू आजही आम्हाला गहू देतो. यंदा मी त्याला म्हटलं, "अर्धा एकर ज्वारी लाव, सगळी मी घेतो, भाव तू सांग." तो म्हणाला, "अंकल, चिड़िया खा जाएगी, आसपास किसी ने नहीं बोई."

तूर्तास आमच्याकडे भाकरीचं पीठ सोलापूरहून येतं. भाचा सुट्टीला येताना घेऊन येतो.