बिघाडानंतर स्वतःच सावरणारी संगणक यंत्रणा

संगणक किंवा सर्व्हर बंद पडल्यास मानवी मदतीविना तो पुन्हा कार्यरत करणाऱ्या व्यवस्थेला स्वयंचलित पूर्वस्थापन म्हणता येईल. या व्यवस्थेची मर्यादा 19 जुलै 2024 रोजी जगभर दिसून आली.

दिल्लीतील स्थिती

त्या दिवशी दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावर उड्डाणांची माहिती फलकावर हाताने लिहावी लागली. देशातील अनेक विमानतळांवर प्रवाशांना हस्तलिखित बोर्डिंग पास देण्यात आले. दुसऱ्या दिवशी पहाटे 3 वाजल्यापासून विमान कंपन्यांच्या यंत्रणा सुरळीत झाल्याचे केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांनी स्पष्ट केले.

बिघाडाचे कारण

क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या 'फाल्कन' या सुरक्षा प्रणालीसाठी भारतीय वेळेनुसार सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी एक सदोष फाइल प्रसारित केली. ती 10 वाजून 57 मिनिटांनी मागे घेण्यात आली. मात्र तोपर्यंत विंडोजवर चालणारे सुमारे 85 लाख संगणक बाधित झाल्याचा मायक्रोसॉफ्टचा अंदाज आहे.

पुन्हा सुरू होणे पुरेसे का ठरले नाही?

सर्व्हरमध्ये सामान्यतः 'वॉचडॉग टायमर' असतो. ऑपरेटिंग सिस्टीमने ठरावीक कालावधीत संकेत न दिल्यास तो यंत्र पुन्हा सुरू करतो. अनेक सर्व्हरमध्ये देखरेखीसाठी स्वतंत्र छोटा नियंत्रकही असतो. मुख्य यंत्र बंद असतानाही तो कार्यरत राहतो आणि त्याद्वारे दूरवरून सर्व्हर सुरू करता येतो.

क्षणिक बिघाडावर हे उपाय गुणकारी ठरतात. परंतु फाल्कन प्रणाली संगणक सुरू होतानाच कार्यान्वित होत असे. त्यामुळे प्रत्येक वेळी तीच सदोष फाइल वाचली जाऊन यंत्र पुन्हा बंद पडे. अखेर असंख्य संगणक तंत्रज्ञांना एकेक करून 'सेफ मोड'मध्ये सुरू करावे लागले आणि ती फाइल हाताने काढावी लागली. ज्या संगणकांची डिस्क सांकेतिक कुलूपाने संरक्षित होती, तेथे प्रत्येक यंत्राची स्वतंत्र किल्लीही आवश्यक होती.

नवी व्यवस्था

या अनुभवानंतर मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर 2024 मध्ये 'क्विक मशीन रिकव्हरी' ही सुविधा जाहीर केली. संगणक वारंवार सुरू होण्यात अपयशी ठरल्यास तो मूळ प्रणालीपासून वेगळ्या अशा दुरुस्ती विभागात जातो, इंटरनेटशी जोडला जातो आणि उपलब्ध उपाय स्वतःच मिळवतो. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीत ही सुविधा उपलब्ध आहे. मात्र इंटरनेट जोडणी नसल्यास, अथवा संबंधित बिघाडावरील उपाय तयार नसल्यास, तिचा उपयोग होत नाही.

म्हणूनच विमानतळ, रुग्णालये आणि बँका यांसारख्या अत्यावश्यक सेवांना स्वयंचलित व्यवस्थेबरोबरच विलग ठेवलेला बॅकअप, नवे बदल टप्प्याटप्प्याने लागू करण्याची पद्धत आणि हाताने काम चालविण्याची पूर्वतयारीही आवश्यक ठरते.