ओव्हीएसडीबी

ओव्हीएसडीबी (ओपन व्हीस्विच डेटाबेस) हा संगणक जाळ्यातील आभासी स्विचची मांडणी व स्थिती साठवणारा डेटाबेस आहे. त्याचा प्रोटोकॉल डिसेंबर २०१३ मध्ये ‘आरएफसी ७०४७’ या दस्तऐवजात प्रसिद्ध झाला.

दोषशोध

पारंपरिक पद्धतीत देखरेख यंत्रणा ठरावीक अंतराने प्रत्येक उपकरणाची स्थिती विचारते. दोन विचारणांच्या दरम्यान दुवा तुटून पुन्हा जुळल्यास तो दोष निसटू शकतो. विचारणा वाढवल्यास जाळ्यावरील भार वाढतो. ओव्हीएसडीबीमध्ये देखरेख यंत्रणा ‘मॉनिटर’ विनंतीद्वारे हव्या त्या सारण्या व स्तंभ एकदाच कळवते. सर्व्हर प्रथम विद्यमान नोंदी आणि त्यानंतर केवळ बदल पाठवतो. उदा., ‘इंटरफेस’ सारणीत दुव्याची स्थिती ‘अप’वरून ‘डाउन’ झाल्याची नोंद होताच सूचना मिळते. ही स्थिती किती वेळा बदलली, याची मोजणीही त्याच सारणीत असते.

मर्यादा

डेटाबेसशी असलेली जोडणीच तुटल्यास सूचना येणे थांबते. त्यामुळे सूचना न येणे हा जाळे सुस्थितीत असल्याचा पुरावा ठरत नाही. जोडणी चालू असल्याची खात्री करण्यासाठी प्रोटोकॉलमध्ये ‘इको’ संदेशाची सोय आहे. डेटाबेसमध्ये ज्यांची नोंदच होत नाही, असे दोष या पद्धतीने आढळत नाहीत.