परक्याचे हाड

१६६८ साली छापलेल्या एका डच शस्त्रवैद्याच्या ग्रंथात एक चमत्कारिक हकीकत आहे. त्याचे नाव योब फान मेकेरेन. रशियातील एका सरदाराची कवटी तलवारीच्या घावाने फुटली, तेव्हा वैद्याने कुत्र्याच्या कवटीचा तुकडा तिथे बसवला. जखम भरली, पण ख्रिस्ती मस्तकात कुत्र्याचे हाड म्हटल्यावर चर्चने त्याला बहिष्कृत केले. बिचारा ते काढून घ्यायला गेला, तर तुकडा पक्का रुजलेला! मेकेरेनने हे स्वतः पाहिलेले नाही, ऐकीव आहे. तेव्हा रुजण्याचा भाग मी जपूनच घेतो. बहिष्काराचा भाग मात्र सहज पटतो. वाळीत टाकणे आपल्याला कुठे नवे आहे?

हे आठवण्याचे कारण दाढ. दाढ उपटली की खळगीत रक्ताची गुठळी धरते, तिच्या जागी कोवळे मांस येते, मग हळूहळू हाड. पण दातासाठीच उभ्या असलेल्या पातळ भिंती धनी गेल्यावर खचतात. २००३ सालच्या एका मोजणीत जबड्याच्या कडेची रुंदी वर्षभरात निम्म्याने घटलेली आढळली, आणि त्यातली दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतली. पुढे कृत्रिम दाताचा खिळा रोवायचा तर हाड हवे. म्हणून खळगीत भर घालतात. तिने झीज कमी होते, अजिबात थांबत नाही.

भर कशाची, यावर पुष्कळ डोकी चालली. ग्लासगोच्या विल्यम मॅक्युएनपुढे १८८० च्या सुमारास एक चार वर्षांचा पोर आला. दंडाचे हाड सडून गेलेले. मुडदुसाने वाकलेले इतर मुलांचे पाय सरळ करताना हाडाच्या पाचरी निघत. त्याच मॅक्युएनने पोराच्या दंडात बसवल्या, आणि हात कामाचा झाला. एका मुलाचे टाकाऊ दुसऱ्याला पुरले, ही गोष्ट मला फार आवडते. १८९२ साली जर्मनीत ड्रेसमानने हाडांच्या पोकळ्यांत प्लास्टर ऑफ पॅरिस भरले. आम्हां मास्तरांच्या हातचा खडू बहुधा त्याचाच! हे प्लास्टर काही आठवड्यांत विरघळून जाते आणि हाडाला वाट करून देते. १९६५ साली लॉस एंजेलिसच्या मार्शल युरिस्टने तर कमालच केली. हाडातला चुना आम्लाने काढून उरलेला भाग त्याने प्राण्यांच्या स्नायूत ठेवला. तिथे, जिथे हाडाचे काही काम नाही, नवे हाड धरले.

गेल्या वर्षी माझी दाढ काढली तेव्हा दंतवैद्यांनी एक कुपी दाखवली.

"कशाचे हो हे?" मी विचारले.

"गुरांच्या हाडाचे. सेंद्रिय सारे काढून टाकलेले असते, मास्तर. नुसता खनिजाचा सांगाडा."

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. कारखान्यात तयार केलेली कॅल्शियम फॉस्फेटची पूडही त्यांच्याकडे होती. मी ती घेतली. माझ्या आधी खुर्चीवरून उतरलेल्या आजीबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्यांना कुठली भर घातली, ते त्यांना कुणी सांगितले नव्हते.