‘कॉलनी’ आणि ‘वसाहत’ : खांदा कॉलनीच्या निमित्ताने एक शब्देतिहास

नवीन पनवेलच्या पश्चिम भागात ‘खांदा कॉलनी’ या नावाने ओळखली जाणारी वस्ती आहे. या नावाचे दोन घटक सहज वेगळे करता येतात. पहिला तेथील मूळच्या खांदा गावाचा, दुसरा इंग्रजीतून आलेल्या सामान्यनामाचा. गावाचे नाव व परकी शब्द यांची अशी जोडणी महाराष्ट्रात इतकी रूढ आहे की, अभ्यासकाचे तिकडे सहसा लक्ष जात नाही. तथापि या शब्दाचा मूळ अर्थ, मराठीने त्याचे केलेले द्विविध ग्रहण आणि या परिसरातील जमिनीचा इतिहास ही तिन्ही एकत्र ठेवून पाहिली असता एक गोष्ट स्पष्ट होते. शब्द मराठीत येताना त्याच्या अर्थाचा जो अंश मागे राहिला, नेमक्या त्याच अंशावरून या भूमीवर संघर्ष झाला. हे दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘कॉलनी’ या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील ‘कोलेरे’ या क्रियापदात आहे. त्याचा अर्थ जमीन कसणे, आणि त्यावरून तेथे राहणे. कसणारा तो ‘कोलोनुस’, व अशा कसणाऱ्यांची वसविलेली वस्ती ती ‘कोलोनिया’. रोमन राज्यात निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन अशा वस्त्या वसविल्या जात. जर्मनीतील कोलोन या शहराचे नाव हा त्याच शब्दाचा अवशेष होय. परंतु सैनिकांना मिळालेल्या जमिनी नेहमीच रिकाम्या नसत. इसवी सनपूर्व ४२ मधील फिलिपीच्या लढाईनंतर इटलीतील कित्येक शेतकऱ्यांच्या जमिनी काढून घेऊन त्या सैनिकांत वाटण्यात आल्या. व्हर्जिलच्या पहिल्या गोपगीतातील मेलिबीयस हा अशाच प्रसंगी शेत सोडून निघालेला शेतकरी आहे. तात्पर्य, ‘कोलोनिया’ या शब्दाच्या पोटी आरंभापासूनच दोन शेतकरी आहेत : एक ज्याला जमीन मिळते तो, दुसरा ज्याची जाते तो.

मराठीला वस्ती वसविण्याची कल्पना इंग्रजीकडून घ्यावी लागली नाही. पेठ, पुरा, वाडी, पाडा, कसबा, आळी हे शब्द तिच्याजवळ होतेच. पुण्यातील पेठा वसविताना व्यापाऱ्यांना कौल देऊन बोलावले जाई व आरंभीची काही वर्षे करात सूट मिळे. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला क्रमाक्रमाने वाढणाऱ्या साऱ्याचा ‘इस्ताव्याचा कौल’ मिळे. पनवेल-पेणच्या खाडीकाठी बांध घालून खाऱ्या जमिनीची भातखाचरे करणाऱ्यांच्या धारापद्धतीला ‘शिलोत्री’ असे नाव होते. लॅटिन ‘कोलोनिया’शी खरे अर्थसाम्य कोठे असेल, तर ते या शिलोत्री वस्त्यांशी आहे, कारण तेथे कसणे व वसणे ही एकच क्रिया होती.

इंग्रजी अमदानीत मात्र हा शब्द मराठीत दोन वाटांनी आला. पहिली वाट भाषांतराची. ‘वसणे’ या धातूशी संबंधित ‘वसाहत’ हा शब्द त्यासाठी योजला गेला आणि पुढे त्यावरून ‘वसाहतवाद’ ही राजकीय संज्ञा सिद्ध झाली. दुसरी वाट उसनवारीची. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. तिच्या पाठोपाठ १८९८ मध्ये मुंबईत सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले व त्याच्या दादर-माटुंगा योजनेतून आखीव रस्ते, भूखंड आणि बागा असलेल्या नव्या वस्त्या उभ्या राहिल्या. पारशी कॉलनी व हिंदू कॉलनी ही नावे त्या योजनेचीच. चाळीच्या दाटीहून वेगळे, नियोजित, मध्यमवर्गीय निवासस्थान हा ‘कॉलनी’चा अर्थ येथे पक्का झाला.

या दोन वाटांचा परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. ‘वसाहतवाद’ शब्दात परसत्तेचा दोष उरला. ‘कॉलनी’ शब्दात प्रतिष्ठा आली. ‘औद्योगिक वसाहत’ या प्रयोगात तर मूळच्या भाषांतरित शब्दालाही निरुपद्रवी अर्थ चिकटला. पण दोन्ही रूपांतून जमीन कसण्याचा अर्थ गळाला. मराठीत त्यासाठी ‘कूळ’ हा स्वतंत्र शब्द होता आणि त्याचा इतिहास वेगळ्याच मार्गाने चालला होता. १९४८ च्या कूळ कायद्यातील पुढील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि कसणाऱ्या कुळास मालकीचा हक्क मिळण्याचा मार्ग मोकळा झाला.

यानंतर तेरा वर्षांनी, १७ मार्च १९७० रोजी, शहर आणि औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे सिडकोची, स्थापना झाली. मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर नवे शहर वसविण्यासाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन निश्चित करण्यात आली. संपादनासाठी आधार होता तो १८९४ च्या, म्हणजे इंग्रजी अमदानीतील, भूसंपादन कायद्याचा. स्वतंत्र राज्याने नवे शहर उभारताना वसाहतकाळचे साधन वापरावे आणि त्यातून उभ्या राहिलेल्या वस्तीस ‘कॉलनी’ म्हणावे, यात शब्दाचे दोन्ही मराठी अर्थ नकळत एकत्र आले.

नवे शहर अनावश्यक होते, असा याचा अर्थ नव्हे. मुंबईतील गर्दीचा भार हलका करणे ही खरी निकड होती आणि आज खांदा कॉलनीत राहणाऱ्या असंख्य कुटुंबांना परवडणारे घर या योजनेमुळेच मिळाले. प्रश्न मोबदल्याचा व मान्यतेचा होता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. त्यानंतर संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व शासनाने मान्य केले. १९९० च्या दशकात सिडकोने ते अंमलात आणले.

या घडामोडींनी परिसराला नवा शब्दसंग्रह दिला. ‘सेक्टर’, ‘नोड’, ‘भूखंड’ हे नियोजनाचे शब्द. ‘प्रकल्पग्रस्त’, ‘भूमिपुत्र’, ‘गावठाण’ हे हक्काचे शब्द. ‘साडेबारा टक्के’ ही केवळ संख्या न राहता ती एक नाम बनली. हे शब्द दोन निरनिराळ्या बाजूंनी बोलतात. पहिल्या गटात जमीन मोजली जाते, दुसऱ्यात तिच्याशी असलेले नाते सांगितले जाते.

‘खांदा कॉलनी’ या नावात या दोन्ही बाजू शेजारी उभ्या आहेत. उत्तरपद नव्या रहिवाशांचे आहे. पूर्वपद ज्यांनी जमीन कसली त्यांच्या गावाचे. ‘कॉलनी’ या शब्दाने मराठीत येताना कसणाऱ्याला मागे सोडले होते. येथे गावाच्या नावाने त्याची जागा राखली आहे. स्थलनामांच्या अभ्यासात मूळ गावाचे नाव ‘सेक्टर’ क्रमांकाखाली लोपले की टिकले, याची नोंद आवर्जून व्हावी. कारण जमिनीचा पूर्वीचा धनी कोण, याचा साधा पुरावा पुष्कळदा तेवढाच उरतो.