गळणारा कार्बोरेटर: गिरगावची जावा, म्हैसूरचा कारखाना आणि एक पितळी फ्लोट

सकाळी चाळीच्या चौकात उभ्या असलेल्या जुन्या जावाखाली फरशीवर ओला डाग दिसतो आणि जिन्यापर्यंत पेट्रोलचा वास येतो. गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथे वडिलांची किंवा आजोबांची मोटारसायकल जपणाऱ्या घरांना हे दृश्य नवे नाही. मेकॅनिक एका वाक्यात निदान करतो, "कार्बोरेटर ओव्हरफ्लो मारतोय." बहुधा अख्खा कार्बोरेटर बदलला जातो आणि पन्नास-साठ वर्षांचा अस्सल भाग भंगारात जातो. वस्तुतः दोष अनेकदा एका बारीक सुईच्या टोकाशी असतो. ती सुई जागेवर का बसत नाही, याचा शोध घेताना आयात-धोरणाचा, पावसाचा आणि उसाचाही इतिहास हाती लागतो. (धागा)

प्रथम यंत्र समजून घेऊ. चाळीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो. पाणी चढले की गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. कार्बोरेटरच्या वाटीत हेच घडते. टाकीतून पेट्रोल उतरते, फ्लोट तरंगत वर येतो, सुई आपल्या बैठकीत दाबली जाते आणि प्रवाह थांबतो. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांच्या फवारा-कार्बोरेटरने ही रचना मोटारींच्या जगात रुळवली. पुढे शतकभर तिचे तत्त्व बदलले नाही. सुई बंद झाली नाही की पेट्रोल वाटीतून उतू जाते, एवढाच या दोषाचा गाभा.

गंमत अशी की एके काळी हेच उतू जाणे गाडी चालू करण्याच्या विधीचा भाग होते. १९२७ मध्ये तीन ब्रिटिश कार्बोरेटर उत्पादक एकत्र येऊन 'अमल' ही कंपनी उभी राहिली. तिच्या कार्बोरेटरवर 'टिकलर' नावाची छोटी कळ असे. ती दाबली की फ्लोट खाली ढकलला जाई, पेट्रोल चढून बाहेर पाझरू लागे आणि थंड इंजिनाला हवे तसे दाट मिश्रण मिळे. चेकोस्लोव्हाकियाच्या 'जिकॉव्ह' कार्बोरेटरवरही ही कळ होती. म्हणून तपासाची सुरुवात टिकलरपासून करावी. त्याची स्प्रिंग गंजून कळ खालीच अडकली असेल, तर निकोप फ्लोटही वर येऊ शकत नाही. पाच मिनिटांचे हे काम न करता कित्येक कार्बोरेटर बदलले गेले असतील.

जावा मुंबईत आधी आयात होऊन आली. १९५० च्या दशकात परकीय चलन वाचवण्यासाठी आयातीवर निर्बंध आले, तेव्हा मुंबईच्या रुस्तम आणि फारोख इराणी यांनी चेक कंपनीचा परवाना घेऊन म्हैसूरला 'आयडियल जावा' हा कारखाना उभारला. १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथे उत्पादन सुरू झाले. पुढे १९७० च्या दशकात गाडीचे नाव 'येझदी' झाले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. बुलेटचे नशीब वेगळे ठरले. १९५५ मध्ये मद्रासला सुरू झालेले तिचे उत्पादन अखंड चालू राहिल्याने तिचे सुटे भागही मिळत राहिले. जावा-येझदीवाल्यांना मात्र १९९६ नंतर जुना माल, नक्कल आणि हातची दुरुस्ती यांवरच भागवावे लागले.

जावा टू-स्ट्रोक. तिच्या टाकीत पेट्रोलबरोबर ऑइलही मिसळावे लागते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की वाटीतील पेट्रोल उडून जाते, ऑइल मागे राहते आणि त्याचा चिकट, तपकिरी थर सुईला धरून ठेवतो. जगभरचे जावाप्रेमी जुलैच्या दुसऱ्या रविवारी 'आंतरराष्ट्रीय जावा दिन' साजरा करतात. मुंबईत तो नेमका भर पावसात येतो. ताडपत्रीखाली पडून असलेली गाडी त्या दिवशी बाहेर काढली जाते, कॉक उघडला जातो आणि पेट्रोल वाहू लागते. अशा वेळी जुने मेकॅनिक स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर दोन हलके टोले देतात. गळती थांबली, तर सुई केवळ चिकटली होती. वाटी उघडून स्वच्छ केली की पुरे.

टोल्यांनी थांबली नाही, तर फ्लोट काढून कानाशी हलवावा. पितळी फ्लोट दोन पोकळ अर्धगोल जोडून केलेला असतो. आत पेट्रोल डचमळले, तर त्याला भोक पडले आहे आणि जड झाल्याने तो पुरेसा वर येत नाही. भोक शोधण्यासाठी तो गरम पाण्यात बुडवतात. आतील हवा प्रसरण पावते आणि नेमक्या जागेवरून बुडबुडे येतात. मग आतले पेट्रोल पूर्ण काढून, वाळवून, त्यावर डाक लावतात. पेट्रोलची वाफ आत असताना तापवलेला फ्लोट हातातच फुटू शकतो, म्हणून येथे घाई नको. शिवाय डाकही बेताचाच हवा. धातूचे वजन वाढले की फ्लोट अधिक खोल बुडतो, वाटीतील पातळी वर चढते आणि दुरुस्त केलेला फ्लोटच पुन्हा ओव्हरफ्लो घडवतो. चांगला कारागीर जादा डाक कानसून काढतो.

सुईची परीक्षा नखाने होते. टोकावर बारीक कंगोरा लागला, तर बैठकीवर आपटून ती झिजली आहे. ती घासून गुळगुळीत करण्याचा मोह टाळावा. त्याने तिचा कोन बिघडतो आणि गळती वाढते. अशी सुई शोधायला मुंबईकर ऑपेरा हाऊस, लॅमिंग्टन रोड (आजचा डॉ. भडकमकर मार्ग) आणि चोरबाजार पालथा घालतो. नमुना घेऊन गेल्याशिवाय तेथे उपयोग नसतो. नकली सुई अर्ध्या मिलिमीटरने लांब-आखूड निघाली, तरी पातळी बदलते.

परळ-दादरच्या सीमेवरील हिंदमाता परिसरात पावसाचे पाणी तुंबणे हा जुना अनुभव. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि शहरभर असंख्य वाहने पाण्यात बुडाली. बुडालेल्या कार्बोरेटरबाबत एक गैरसमज आहे. वाटीत पाणी शिरल्याने लगेच ओव्हरफ्लो होत नाही. उलट पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने फ्लोट त्यात अधिकच वर तरंगतो. खरा घात नंतर होतो. जुन्या कार्बोरेटरच्या जस्तमिश्रित धातूवर पांढरी भुकटी धरते, तिचा कण सुई आणि बैठक यांच्यामध्ये अडकतो आणि काही महिन्यांनी गळती सुरू होते. तोवर मालक पाऊस विसरलेला असतो.

आता उसाकडे. २००३ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम सुरू झाला. २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२५ पर्यंत मिश्रण २० टक्क्यांवर पोहोचले. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात या धोरणाला मोठा आधार आहे आणि तेलाची आयात घटवण्याचा त्याचा हेतूही समजण्यासारखा आहे. तथापि १९६५ च्या गाडीची रचना या इंधनासाठी झालेली नव्हती. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, जुने रबर आणि कॉर्क बिघडवते आणि टाकीतील जुना थर सैल करून खाली पाठवते. तो गाळ थेट सुईच्या बैठकीवर येतो. सुई-फ्लोट नवे घालूनही आठवड्यात गळती परतली, तर दोष टाकीत शोधावा. कॉकची जाळी काढावी आणि टाकी आतून धुवावी.

गळती रात्रभर चालली असेल, तर किक मारण्यापूर्वी थांबावे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल क्रँककेसमध्ये साचते. प्लग काढून, गाडी उघड्यावर नेऊन, प्लगची वायर दूर ठेवून किकने ते बाहेर काढावे. बुलेटसारख्या फोर-स्ट्रोकमध्ये ते पिस्टनवरून इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर ते बदलल्याविना गाडी चालवू नये. अरुंद जिना आणि त्याच्याखाली उभी गाडी, ही चाळीची रचना पाहता ठिणगीचा धोका पुस्तकी नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि देशातील बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला. २०१८ मध्ये जावा हे नाव बाजारात परतले, तेही फ्युएल इंजेक्शनसह. गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या स्त्रियांची रांग निघते. मिरवणूक रेंगाळली की नव्या गाड्या निमूट धडधडत राहतात. जुनी गाडी अशा वेळी साइड स्टँडवर कलती ठेवली, तर वाटीतील पातळीही कलते आणि झिजलेली सुई लगेच उघडी पडते. म्हणून जुन्या गाडीचा जाणता स्वार थांबताच गाडी मेन स्टँडवर घेतो आणि न बघता हात टाकीखाली नेऊन कॉक बंद करतो.